गिरजाबाई आणि राखेचं पाणी

गिरजाबाईला मी पहिल्यांदा पाहिलं ते भिलाईच्या पोलाद कारखान्यात, कोक ओव्हनच्या दुरुस्तीवर. मी भट्टीत विटा बसवणारा मिस्त्री. ती ठेकेदाराकडची रेजा, डोक्यावर विटा वाहणारी. बाकीच्या बाया चार विटा न्यायच्या, ही सहा न्यायची. उतरवताना एकीचाही कोपरा फुटू द्यायची नाही. भट्टीच्या विटेचा कोपरा गेला की वीट गेली. जास्त ओझं नेणारे मी पुष्कळ पाहिले. जास्त नेऊन एकही न फोडणारी ही एकच.

तिचे वडील रेल्वेत गँगमन होते. गोंदियाकडून बदल्या होत होत दुर्ग लाइनवर आले. तिला भिलाई-३ मधल्या धोंडबाला दिली. धोंडबाला शेत नाही. तो दुसऱ्यांच्या शेतावर फवारणी करायचा. पाठीवर सोळा लिटरचा पंप, पावसाळ्यात धान, हिवाळ्यात हरभरा आणि टमाटर. पंचवीस वर्षं त्याने हेच केलं. तोंडाला कधी फडकं बांधलं, कधी नाही.

रिटायर झाल्यावर मी सेक्टर २ चं क्वार्टर सोडलं आणि भिलाई-३ ला त्यांच्यापासून दोन गल्ल्यांवर राहायला आलो. हात रिकामे बसत नाहीत म्हणून मिळेल ते बांधकाम करायचो. त्यातच कुम्हारीला मृणाल मॅडमचा शेड मिळाला. मॅडम तिशीतल्या. कृषी कॉलेजात शिकलेल्या. त्यांना शेडात ओटे, हौद आणि नळ हवे होते. मी ते करून दिले आणि सकाळच्या पाळीला तिथेच राहिलो. दार उघडायचं, पाणी भरायचं, मोडलं ते नीट करायचं. एक बाई लागते म्हणाल्या तेव्हा मी गिरजाबाईचं नाव घेतलं.

आमच्या शेडात किडीचं औषध किडीतूनच निघतं. हरभऱ्याच्या घाट्याला भोक पाडून आत डोकं घालते ती घाटेअळी. तिला एक रोग होतो. तो विषाणूचा असतो. त्याने माणसाला, गाईला, मधमाशीला काही होत नाही, फक्त ही अळी मरते. म्हणून आम्ही अळ्या पाळतो. बेसनाचं खाद्य शिजवून वड्या करायच्या आणि प्रत्येक अळी पेटीच्या वेगळ्या खणात ठेवायची, कारण एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात. मोठ्या झाल्या की खाद्यावर रोग लावायचा. सहा दिवसांत अळी वर चढते, उलटी लटकते आणि आतून पाणी होऊन मरते. ती फुटायच्या आधी उचलायची, वाटायची, मलमलीतून गाळायची. तेच औषध.

याचा वास ज्याने घेतला नाही त्याला मी सांगू शकत नाही. आधीच्या दोन बाया आठवड्यात पळाल्या. गिरजाबाई पहिल्या दिवशी बाहेर जाऊन ओकली, तोंड धुतलं, परत आत आली. मॅडमला म्हणाली, "आता कोनती पेटी?"

या औषधाचा वैरी म्हणजे ऊन. संध्याकाळी फवारलं तरी दुसऱ्या दिवशीच्या उन्हात निम्मं मरतं. मॅडम आधी त्यात गूळ आणि कपड्याची नीळ घालत. त्याने थोडं टिकायचं, पुरेसं नाही. मग त्यांनी ठरवलं काजळी घालायची. काळा रंग ऊन स्वतःवर घेतो आणि औषध त्याच्या सावलीत राहतं. बाजारातून काजळीची पुडी आणली आणि पाण्यात टाकली. ती पाण्यावर तरंगत बसली.

गिरजाबाई बघत होती. म्हणाली, "मॅडम, काजळ असं नाई बनत."

"मग कसं बनतं, मावशी?"

"घोटा लागते."

तिने डिंक भिजवला, खलात काजळी घेतली आणि थेंब थेंब डिंकाचं पाणी टाकत घोटत बसली. जेवायच्या सुट्टीपर्यंत घोटली, जेवून पुन्हा घोटली. चार वाजता ते लोण्यासारखं झालं आणि पाण्यात टाकल्यावर विरघळल्यासारखं पसरलं. दोन दिवस उन्हात ठेवलेली पानं मॅडमनी अळ्यांना खाऊ घातली. साध्या औषधाच्या पानांवर वीसपैकी चार मेल्या. काळ्या औषधाच्या पानांवर सोळा. मॅडम तिथेच खुर्चीत बसल्या आणि हसायला लागल्या. गिरजाबाईने विचारलं, "अन् त्या चार कावून जगल्या?"

तिला या औषधाची घाई होती, आणि घाई कशाची ते शेडात सगळ्यांना माहीत होतं. त्या वर्षीच्या पावसाळ्यात धोंडबा धानाच्या शेतात फवारताना पडला होता. तोंडाला फेस, हातपाय थरथरत. तीन दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टरने गिरजाबाईला बाजूला घेऊन सांगितलं की आता या माणसाने विषाला हात लावायचा नाही, पुढच्या वेळी उठेल याचा भरवसा नाही. पण धोंडबाला दुसरं काम येत नाही, आणि पन्नाशीच्या थरथरत्या माणसाला दुसऱ्या कामावर कोणी घेत नाही. कुम्हारीच्या पुढे एका दाऊची अकरा एकर हरभऱ्याची शेती. तिथली फवारणी पंधरा वर्षं त्याच्याकडे. या हंगामाचा शब्द त्याने आजारी पडायच्या आधीच देऊन ठेवला होता.

गिरजाबाई स्वतः दाऊकडे गेली. मी सोबत होतो. दाऊ म्हणजे तिथला मोठा शेतकरी, खाटेवर बसून ऐकणारा. त्याने ऐकून घेतलं. दोन एकरावर तुमचं औषध मारा, म्हणाला. अळी मेली तर अकराही एकरांवर तेच. नाही मेली तर माझं जुनं औषध, आणि धोंडबाने शब्द दिला आहे.

येताना ती म्हणाली, "भाऊजी, हे औषध तर पानी हाय. हे मारून कोनी पडत नाई. हे तो जनमभर मारू शकते."

दोन एकरांसाठी वीस लिटर औषध लागणार होतं. एवढं आम्ही कधी एकदम केलं नव्हतं. गाळलेलं औषध ठेवायला मोठा ड्रम लागला. शेडात एक होता, पन्नास लिटरचा, प्लास्टिकचा. त्याला तोटी मीच बसवली होती. बुडाशी कड वाकडी होती, भोक नीट बसेना, म्हणून चार बोटं वर पाडलं. तेव्हा वाटलं, चालतं.

ड्रमला जुन्या अळ्यांचा वास होता. गिरजाबाईने तो साबणाने धुतला. मी आत डोकं घातलं आणि म्हणालो, "वास येऊन राहिला. धुतला नाई हा."

"दोनदा धुतला भाऊजी."

"वास येते म्हणजे नाई धुतला."

मी सगळ्यांशी असाच बोलतो. भट्टीत विटेवर बोटभर धूळ राहिली तर मसाला धरत नाही, हे मी चौतीस वर्षं पाहिलं. तिने पदर खोचला. चुलीतली राख काढली आणि काथ्याने ड्रम आतून घासला, कमरेपर्यंत आत वाकून. तिच्या घरी भांडी राखेनेच निघतात, आणि चकचकीत निघतात. वास तरीही थोडा होता. मग तिने तिच्या आईसारखं केलं. बादलीभर राख पाण्यात कालवली, गाळ खाली बसू दिला, वरचं निवळ पाणी ड्रममध्ये भरून रात्रभर ठेवलं. पूर्वी बाया याच पाण्याने लुगडी धूत, केस धूत. सकाळी तोटी उघडून सोडून दिलं. वास गेला होता. मी डोकं घातलं आणि म्हणालो, "आता झाला."

तोटीच्या खालचं चार बोटं पाणी आतच राहिलं. ते पाण्यासारखंच दिसत होतं, आणि ड्रमचा तळ काळा. तो ड्रम ओट्याच्या खाचेत बसवलेला, काढून उलटा करायला दोन माणसं लागतात. ती एकटी होती. तिने तिरपा केला तेवढा केला. मी दहा पावलांवर पाण्याची टाकी भरत होतो.

औषध ड्रममध्ये ओतलं. ओतायच्या आधी मॅडमनी मायक्रोस्कोपखाली रोगाचे दाणे मोजले. भरपूर होते. दोन दिवसांनी काळं डिंकपाणी मिसळून डबे भरले. डब्यातलं कोणी मोजलं नाही.

धोंडबाने संध्याकाळी फवारलं. तोंडाला काही न बांधता, गाणं म्हणत. गिरजाबाई बांधावर उभी होती.

"पाह्य वं, काळं पानी मारून राहिलो! दाऊच्या हरभऱ्याले दीठ नाई लागनार!"

"नीट मार. पानाच्या खालून बी मार. बोलू नको."

"पंचवीस वर्षं मारून राहिलो मी. तू आता मले शिकव."

"पंचवीस वर्षांत एक तरी अळी तुह्याकडं पाहून मेली का?"

तो एवढा हसला की पंपाचा दांडा थांबला.

सहाव्या दिवशी आम्ही गेलो. गिरजाबाई ओळीतून वाकून चालत गेली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि परत. मीही पाहिलं. अळ्या घाट्यांत डोकं घालून बसल्या होत्या. हिरव्या, लठ्ठ. पंचवीस झाडांमागे एखादी लटकलेली.

दाऊ मागून आला. "तोर दवाई पी के इल्ली मन अउ मोटा गे हे, बाई." तुझं औषध पिऊन अळ्या आणखी जाड झाल्या, असं त्याचं म्हणणं होतं. त्याच्यासोबतची माणसं हसली. धोंडबाही हसला, सवयीने.

दाऊ म्हणाला, चार दिवस ढग दिसतात, ऊन पडलं की माझं औषध सुरू. धोंडबाने मान डोलावली.

शेडात मॅडमनी खल ओट्यावरून उचलून खाली ठेवला. मग म्हणाल्या, "काजळीनेच बिघडलं. डिंकात काहीतरी असेल. बस, बंद. कल से पुराना फॉर्म्युला. मावशी, तो खल धुऊन ठेवून द्या. डबे पण सगळे ओता बाहेर. मोजत नाही मी आता, मन नाही."

गिरजाबाईने खल धुतला. मग उरलेलं औषध ओतून द्यायला ड्रमकडे गेली. तळाशी थोडं होतं. तोटीतून येईना म्हणून तिने हात आत घालून वाटीने काढायला सुरुवात केली. मी बघत होतो. ती मध्येच थांबली. अंगठा बोटावर घासला. परत बुडवला, परत घासला. मग हात तसाच धरून माझ्याकडे आली.

"भाऊजी, बोट लावा."

मी लावलं. बुळबुळीत. राखेच्या पाण्याचा बुळबुळीतपणा एकदा हाताला कळला की विसरत नाही.

"हे माह्यंच पानी हाय," ती म्हणाली. "राखेचं."

त्या दिवशी ती कोणाला काही बोलली नाही. मीही बोललो नाही. बसने सोबत घरी आलो. तिकीट तिने काढलं की मी, आठवत नाही. भिलाई-३ च्या स्टॉपवर उतरल्यावर ती उभी राहिली.

"मी नाई सांगतलं तर काजळी बंद होईन. काजळी बंद झाली तर हे औषध उन्हात टिकत नाई. मग दाऊ कधीच घेनार नाई, कोनीच घेनार नाई. अन् सांगतलं तर मले काढतीन."

"हाव."

"मले काढलं तर चालीन. पन यानं पंप उचलला तर..." तिने पदर डोक्यावरून ओढून घेतला. "भाऊजी, मी त्या ड्रमाले किती घासलं तुम्हाले मालूम हाय."

मला मालूम होतं. ती माझ्या बोलण्यावरून घासत होती, हेही मालूम होतं. हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "उद्या लवकर जाऊ."

सकाळी तिने मॅडमला सांगितलं. उभ्यानेच, हात पदरात गुंडाळून. वास, राख, रात्रभरचं पाणी, सगळं क्रमाने. तोटीचं नाव घेतलं नाही. ते मी घेतलं. म्हणालो, तोटी चार बोटं वर आहे, ती मी बसवली. ड्रम उलटा करायला दुसरा माणूस लागतो, तो मी होतो.

मॅडमनी कागदाची पट्टी आणली आणि उरलेल्या थेंबात बुडवली. पट्टी गडद निळी झाली, म्हणजे त्यात खार होता. मग मायक्रोस्कोप लावला. बराच वेळ पाहिलं. आम्हालाही पाहायला लावलं. आधी तिथे चमकते दाणे दिसायचे, बारीक साखरेसारखे. आता धुकं होतं. विषाणू त्या दाण्यात बंद असतो म्हणून टिकतो, मॅडमनी सांगितलं. अळीच्या पोटात राखेसारखाच खार असतो, तिथे दाणा विरघळतो आणि रोग बाहेर पडतो. आपल्या ड्रममध्ये तो आधीच विरघळला. अळीपर्यंत पोचलं ते नुसतं काळं डिंकाचं पाणी.

"मावशी, तीन महिने. तीन महिन्यांचं काम." त्यांचा आवाज चढला. "एक बार पूछ तो लेते!"

"विचारायचं काय असते मॅडम? भांडं धुवाचं होतं."

मॅडमनी पट्टी ओट्यावर ठेवली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "मीही डब्यातलं मोजलं नाही." त्यांनी गिरजाबाईला काढलं नाही. खल परत ओट्यावर ठेवला.

पण नवीन औषधाला आठ-नऊ दिवस हवेत. अळी वाढली पाहिजे, मेली पाहिजे. फ्रीजमध्ये राखलेल्या रोगाच्या बीजातून एवढं लवकर दोन एकरांचं होत नाही. दाऊकडे आम्ही तिघं गेलो. मॅडमनी समजावलं, पट्टी दाखवली. दाऊ वाईट माणूस नव्हता. घाटा फोडून त्याने आम्हाला आतलं दाखवलं. दाणा नव्हता, विष्ठा होती. म्हणाला, नऊ दिवसांत माझ्याकडे काय उरेल? शेवटी नाल्याजवळच्या दहा ओळी आमच्यासाठी सोडल्या. बाकी सगळ्यावर परवापासून विष.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी होतो. धोंडबा पंपाचा वॉशर बदलत होता. हात थरथरत होते, वॉशर बसत नव्हता. गिरजाबाईने तो हातातून घेतला आणि बसवला.

"पंप मी नेतो," ती म्हणाली.

"पागल हाय का? भरला पंप वीस किलोचा होते."

"सहा विटा यापेक्षा जास्त होत्या."

"तू नेशीन म्हनते, पंपच तुले नेईन नाल्यात."

"नेऊ दे."

"शब्द म्या देला हाय, गिरजे. लोक काय म्हनतीन?"

"तू पडला तवा लोक उचलाले आले होते का? म्या अन् भाऊजीनं उचललं." तिने पंप भिंतीला टेकवला. "औषध माह्यं बिघडलं. फवारनी मी करतो. तू बांधावर बसजो, वारा पाठीमागून येईन तिकडं. उठला तर पाह्य."

धोंडबा माझ्याकडे बघत होता, मी काही बोलेन म्हणून. मी म्हणालो, पाणी मी आणीन.

तीन दिवस तिने फवारलं. तोंडाला ओलं फडकं, हातात मॅडमनी दिलेले रबरी हातमोजे. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत मोजे फाटले. मी नाल्यातून पाणी आणून पंपात ओतत होतो. विष ती स्वतः मोजून टाकायची, मला झाकण उघडू द्यायची नाही. धोंडबा बांधावर बसून ओरडायचा, "डाव्या हातानं दांडा मार! वाऱ्याकडं तोंड नको करू! अबे, पाय उचल!" त्याचा आवाज रडका येत होता. एकदा तो उठून ओळीत शिरला. तिने पंपाची नळी त्याच्याकडे रोखली. तो परत जाऊन बसला.

तिसऱ्या दिवशी चार वाजता ती ओळीतच बसली आणि ओकली. शेडातल्या पहिल्या दिवसासारखंच तोंड धुतलं आणि उठली. उरलेले पंप मी मारतो म्हणालो. तिने दिले नाहीत. मी जोरही केला नाही. अडुसष्ट वर्षांचा होतो, आणि भीतीही वाटत होती. हे लिहून ठेवतो.

नवव्या दिवशी नवीन औषध झालं. ड्रम मी आणि ती दोघांनी मिळून उलटा केला. तोटी मी बुडाशी बसवली होती, वाकडी कड कापून. मॅडमनी डब्यातलं मोजलं. काळं औषध दहा ओळींवर संध्याकाळी फवारलं ते धोंडबाने, तोंडाला काही न बांधता. गाणं म्हटलं नाही.

पाच दिवसांनी दहा ओळींत झाडांच्या शेंड्यांना अळ्या उलट्या लटकल्या होत्या, ओल्या काळ्या वातीसारख्या. दाऊ बघून गेला. एकेक शेंडा हातात धरून पाहिला. म्हणाला, पुढच्या साली तीन एकर देतो. गिरजाबाईने विचारलं, "अकरा कावून नाई?" तो हसला.

हे गेल्या हिवाळ्यातलं. आता नवीन हंगामाच्या अळ्या पेट्यांत आहेत. काल तिने ड्रम धुतला. नुसत्या उकळत्या पाण्याने, चार वेळा. मग मला हाक मारली.

"भाऊजी, बोट लावून पाहा. बुळबुळ तर नाई ना?"

"तूच पाह्य ना. तुह्या हाताले जास्त समजते."

तिने उजव्या हाताचा अंगठा बोटांवर घासून दाखवला, जसा त्या दिवशी घासला होता.

"नाई समजत. फवारनीपासून हे तीन बोटं बधिर हायेत. घरी सांगतलं नाई म्या. तुम्ही बी सांगू नका."

मी ड्रममध्ये हात घातला. बोटं घासली. स्वच्छ होता. तसं सांगितलं. तिने मान हलवली, आणि तरीही मॅडमकडून पट्टी मागायला आत गेली.